नवी विंडोज टाकली, केबल जागेवर आहे, मग नेट कुठे गेलं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. तेव्हापासून नाशिकमध्ये घरोघरी आणि सातपूर-अंबडच्या छोट्या ऑफिसांत जुन्या मशीनवर नवी सिस्टीम टाकायचं काम चालू आहे. ज्यांचं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसतं, म्हणजे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आहे आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आहे, ते ११ टाकतात. ज्यांचं बसत नाही त्यांतले काही जण लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू या मोफत सिस्टीम टाकून बघतात. चालतं मशीन भंगारात देण्यापेक्षा ते कधीही बरं. सिस्टीम बसते, डेस्कटॉप येतो, गाणं लावलं तर आवाजही येतो. लॅनची केबल होती तिथेच असते. आणि ब्राउझर उघडला की नेट नाही.

मग दोन गोष्टी हमखास होतात. केबलवाल्याला फोन जातो, आणि ओळखीतलं कुणीतरी सांगतं, ‘परत फॉरमॅट मार, नीट बसली नसेल.’ हा दुसरा सल्ला कृपा करून ऐकू नका. सिस्टीम बहुतेक वेळा नीटच बसलेली असते. जुनी सिस्टीम इतकी वर्षं काही गोष्टी आपल्या नकळत सांभाळत होती: लॅन कार्डचा ड्रायव्हर, नेटवर्कमधला आपला पत्ता, डायलरचं, म्हणजे नेट जोडून देणाऱ्या प्रोग्रॅमचं, यूजरनेम आणि पासवर्ड, साइटच्या नावावरून तिचा आकडा शोधणाऱ्या डीएनएस सेवेचे आकडे. फॉरमॅट मारताना हे सगळं पुसलं गेलं. पुन्हा फॉरमॅट मारून ते परत येणार नाही. यातलं नेमकं काय गेलं ते शोधायचं आणि तेवढंच परत द्यायचं, एवढंच काम आहे. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही, क्रम मात्र सोडायचा नाही.

क्रम का, तर घरातल्या नळाला पाणी येत नसेल तेव्हा आपण काय करतो ते आठवा. पालिकेचं पाणी सुटलंय का, मग सोसायटीची टाकी, मग वरचा व्हॉल्व्ह, मग नळ. प्रत्येक ठिकाणी ‘इथपर्यंत आलंय का’ एवढंच बघतो. इथेही तसंच करायचं. मधलीच पायरी पकडून सेटिंगमध्ये खुडबुड करत बसलं की असलेलं नीटही बिघडतं आणि मग मूळ दोष कुठे होता ते कळेनासं होतं.

घरापर्यंत आलंय का

हे दोन मिनिटांत कळतं. फोनचा मोबाईल डेटा बंद करा, फोन घरच्याच राउटरच्या वायफायला जोडा आणि एखादी नवी साइट उघडून बघा. उघडली तर लाइन ठीक आहे, केबलवाल्याला फोन करायची गरज नाही, पुढचं सगळं तुमच्या कॉम्प्युटरपाशीच आहे. नाही उघडली तर फायबरच्या डब्याकडे बघा. पॉन असं लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर असायला हवा. एलओएस असं लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश तुमच्या घरापर्यंत पोचतच नाही. बाहेर कुठे रस्ता खोदलाय, झाडाची फांदी पडली, किंवा भिंतीपाशी फायबर दुमडली. अशा वेळी नवी सिस्टीम टाकली तो दिवस आणि लाइन तुटली तो दिवस एक आला, एवढाच योगायोग. त्या दिवशी विंडोजला हात लावू नका.

पोर्टचा दिवा

आता कॉम्प्युटरच्या मागे वाका. लॅनची केबल जिथे घुसते त्या खाचेजवळ बहुतेक मशीनवर दोन बारीक दिवे असतात. एक जोडणी झाल्याचं सांगतो, दुसरा माहितीची ये-जा चालू असताना लुकलुकतो. कोणता हिरवा, कोणता पिवळा हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून रंगावरून निष्कर्ष काढू नका. दिवा लागलाय की नाही एवढंच बघा. दिवा लागला असेल तर केबल, राउटरचं पोर्ट आणि कार्डचं हार्डवेअर बहुधा ठीक आहे. बरेच जण हे न बघताच तासभर सेटिंग चाळत बसतात.

दिवा नसेल तर केबलचं टोक काढून ‘टक’ असा आवाज येईपर्यंत परत दाबा. टोकावरची प्लास्टिकची जीभ तुटलेली असेल तर टोक आत बसल्यासारखं दिसतं आणि प्रत्यक्षात अर्धा मिलिमीटर बाहेर राहतं. कॉम्प्युटर फॉरमॅटसाठी दुकानात नेला, आणला, केबल ओढली, पुन्हा लावली, या धावपळीत ही जीभ तुटणं फार साधी गोष्ट आहे. राउटरवरचं पोर्ट बदलून बघा, शेजाऱ्याची केबल लावून बघा. राउटरला चार पोर्ट असतील तर त्यातलं एक बाहेरून येणाऱ्या लाइनचं असू शकतं, त्यात कॉम्प्युटरची केबल खुपसू नका.

केबलचा आणखी एक प्रकार सांगून ठेवतो, कारण त्याचा दोष हमखास नव्या सिस्टीमवर जातो. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच तारा पुरतात, पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारपैकी एक जरी तुटली तरी नेट चालतं, पण वेग नव्वद-पंच्याण्णवच्या पुढे सरकत नाही. प्लॅन २०० किंवा ३०० चा असेल आणि स्पीड टेस्ट दर वेळी चौऱ्याण्णवच्या आसपास अडकत असेल, तर ड्रायव्हर शोधत बसण्याआधी केबल बदला.

जुन्या नाशकात, पंचवटीत, अजूनही एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर तांब्याची लॅन केबल नेलेली दिसते. वळवाच्या पावसात वीज कडाडली की या केबलमधून येणारा झटका थेट लॅन पोर्ट जाळतो. कॉम्प्युटर चालू राहतो, पोर्ट मेलेलं असतं. असं झालं असेल तर मदरबोर्ड बदलायची घाई करू नका. यूएसबीला लावायचा लॅन ॲडॉप्टर मिळतो, तो लावला की काम भागतं.

एकाच मशीनवर दोन सिस्टीम ठेवणाऱ्यांसाठी वेगळी सूचना आहे. विंडोज राहू दिली आणि शेजारी मिंट टाकलं, तर कधी कधी मिंटमध्ये गेल्यावर लॅनचा दिवाच लागत नाही. विंडोजमध्ये परत गेलं की लगेच लागतो. लोकांना वाटतं, लिनक्सला हे कार्ड चालतच नाही. खरं कारण असं की विंडोज शटडाउन होताना वीज वाचवायला लॅन कार्ड झोपवून ठेवते, आणि काही कार्डांना, त्यात रिअलटेकची बरीच, दुसरी सिस्टीम उठवू शकत नाही. मशीन पूर्ण बंद करा, भिंतीचं बटण बंद करा, पॉवरची वायर काढून मिनिटभर थांबा, मग थेट मिंटमध्ये चालू करा. दिवा लागला तर दुखणं हेच. याचमुळे एक चमत्कारिक अनुभव येतो: घरी बंद असलेलं नेट मशीन दुकानात नेलं की चालू होतं. नेताना वायर काढली गेली, एवढंच घडलेलं असतं. कायमचा उपाय विंडोजमध्ये आहे. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या ॲडव्हान्स्ड यादीत ‘शटडाउन वेक-ऑन-लॅन’ असेल तर ते चालू ठेवा.

सिस्टीमला कार्ड दिसतंय का

दिवा लागला, तरी नेट नाही. मग ड्रायव्हर. कार्ड हे हार्डवेअर, आणि त्याच्याशी बोलायचं कसं हे सिस्टीमला सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. जुन्या विंडोजमध्ये तो कधीतरी सीडीवरून किंवा अपडेटमधून आला होता आणि तुम्ही विसरून गेला होता.

विंडोजमध्ये स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली रिअलटेक, इंटेल असं काही नाव दिसलं तर ड्रायव्हर आहे. ते नसेल आणि ‘अदर डिव्हायसेस’खाली ‘इथरनेट कंट्रोलर’ पिवळ्या खुणेसह बसलेला असेल, तर ड्रायव्हरच नाही. आता कार्ड कोणाचं ते कसं कळायचं? त्याच ओळीवर डबल क्लिक करा, डिटेल्समध्ये जा, ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. लांबलचक आकडे-अक्षरांत ‘व्हेन’नंतर येणारी चार चिन्हं बघा. १०ईसी असेल तर रिअलटेक, ८०८६ असेल तर इंटेल. १९७८ साली आलेल्या आपल्या ८०८६ प्रोसेसरचाच आकडा इंटेलने ओळखक्रमांक म्हणून घेतला आहे, त्यामुळे तो एकदा बघितला की विसरायला होत नाही.

आता पेच असा, की ड्रायव्हर नेटवर आहे आणि नेटला ड्रायव्हर हवा. यावर सर्वांत सोपा उपाय तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला लावा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. केबल मात्र डेटा नेणारी हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. विंडोज आणि लिनक्स दोन्ही फोनला लॅन कार्ड समजून घेतात, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग विंडोज अपडेट चालवा, बहुतेक वेळा ती आपणच योग्य ड्रायव्हर शोधून आणते. नाही आणला तर लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून लॅनचा ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असं सांगणाऱ्या साइटांपासून लांब राहा. तिथून ड्रायव्हरसोबत काय काय येतं ते काढत बसण्यात दिवस जातो.

विंडोज ११ टाकताना हे टेदरिंग आणखी एका ठिकाणी कामाला येतं. आता तिच्या होम आणि प्रो दोन्ही प्रकारांत इन्स्टॉल होतानाच नेट मागितलं जातं. लॅनचा ड्रायव्हर नसेल तर ‘नेटवर्कला जोडा’ या पडद्यावरच माणूस अडकतो, पुढचं बटण दबतच नाही. त्या पडद्यावर असतानाच फोन लावून टेदरिंग चालू करा, गाडी पुढे सरकते.

लिनक्समध्ये गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे बहुतेक लॅन कार्डांचे ड्रायव्हर सिस्टीमच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्येच असतात. म्हणून जुन्या मशीनवर मिंट टाकलं तर लॅन सहसा आपोआप चालतं. अडचण उलट दिशेने येते: मशीन नवं आणि पेनड्राइव्हवरचं लिनक्स जुनं. उदाहरणार्थ रिअलटेकची अडीच गिगाबिटची आरटीएल८१२५ ही चिप कर्नल ५.४ पासून ओळखली जाऊ लागली, ते कर्नल २०१९ च्या शेवटी आलं. त्याआधीचं लिनक्स टाकलं तर कार्ड दिसणारच नाही. कपाटातल्या जुन्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करण्याचा मोह टाळा, ताजी आवृत्ती उतरवून घ्या. डेबियन हा लिनक्सचाच प्रकार वापरणाऱ्यांना काही कार्डांसाठी लागणारं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, पूर्वी वेगळं शोधावं लागायचं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलच्या फाइलमध्येच येतं.

लिनक्सची एक सोय मला फार मोलाची वाटते आणि ती विंडोजवाल्यांनाही उपयोगी आहे. मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता, चालवून बघता येतं. नव्या विंडोजमध्ये नेट येत नाही, पण पेनड्राइव्हवरच्या मिंटमध्ये त्याच केबलने आलं, तर केबल, कार्ड, पोर्ट, राउटर सगळे निर्दोष. दोष विंडोजच्या सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये. तिथेही नाही आलं, तर हार्डवेअरकडे किंवा लाइनकडे बघा. एवढ्या एका चाचणीने निम्मं काम होतं.

पत्ता मिळाला का

नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता लागतो. घरात तो राउटर वाटतो. कॉम्प्युटर जोडला की तो विचारतो ‘मला पत्ता कोण देणार’, आणि राउटर म्हणतो ‘हा घे’. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. विंडोजमध्ये स्टार्ट दाबून सीएमडी टाइप करा, काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग लिहून एंटर मारा. लिनक्समध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्येच पत्ता दिसतो. तो १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर पत्ता मिळाला. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजा, कॉम्प्युटरने विचारलं आणि कुणीच उत्तर दिलं नाही. मग त्याने स्वतःलाच एक तात्पुरता आकडा देऊन ठेवला. त्या आकड्यावर नेट चालत नाही.

घरी असं झालं तर राउटर एकदा बंद करून चालू केल्यावर बहुतेक वेळा सुटतं. ऑफिसात मात्र थांबून विचार करा. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये हिशेबाच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकली, आणि पत्ता आला १६९.२५४ चा. शेजारच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मात्र झकास चालू. तिथे आयपीकॉन्फिग मारलं तर १९२.१६८.०.१४, सबनेट मास्क (नेटवर्क केवढं ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटरचा पत्ता) १९२.१६८.०.१. मालकांना विचारलं, ‘दादा, हे नेटवर्क कुणी बसवलं होतं?’ ते म्हणाले, ‘जुन्या मुलाने. त्याने प्रत्येकाला नंबर देऊन ठेवले होते.’ झालं, उलगडा झाला. त्या ऑफिसात राउटरचं पत्ते वाटणं मुद्दाम बंद ठेवलेलं होतं आणि प्रत्येक मशीनमध्ये आकडा हाताने भरला होता. नव्या विंडोजला हे कोण सांगणार?

अशा ठिकाणी सेटिंग्जमध्ये इथरनेट, तिथे ‘आयपी असाइनमेंट’, एडिट, मॅन्युअल असं जाऊन चार आकडे भरायचे: स्वतःचा पत्ता, मास्क, गेटवे आणि डीएनएस. मास्क आणि गेटवे शेजाऱ्याचेच. पत्त्याचा शेवटचा आकडा मात्र वेगळा हवा आणि तो दुसऱ्या कुणाचा नको. इथे लोक पिंग मारून, म्हणजे त्या आकड्याला हाक देऊन, बघतात आणि उत्तर आलं नाही की तो आकडा रिकामा समजतात. तेवढ्यावर विसंबू नका. ते मशीन त्या वेळी बंद असेल किंवा त्याची फायरवॉल उत्तर देत नसेल. दुसऱ्या दिवशी ते चालू झालं की एकाचं किंवा दोघांचंही नेट जाऊ शकतं. सगळी मशीन चालू असताना प्रत्येकाचा आकडा बघून कागदावर लिहा, मगच निवडा. त्याच मशीनचा जुना आकडा कुठे सापडला तर सर्वांत उत्तम, कारण प्रिंटर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर त्याच आकड्याला ओळखत असतं.

त्याच वर्कशॉपमध्ये नेट आलं, पण सामायिक फोल्डर आणि प्रिंटर दिसेना. नवी विंडोज प्रत्येक नव्या नेटवर्कला आधी ‘पब्लिक’ मानते आणि शेजारच्या मशीनपासून स्वतःला लपवते. स्वतःच्या ऑफिसात ते ‘प्रायव्हेट’ करा. बसस्टँडवरच्या वायफायला मात्र कधीही करू नका.

डायलर विसरला

आता नाशिकमध्ये सर्वांत जास्त गोंधळ घालणारा भाग. पंचवटीतल्या एका घरी दिवा चालू, ड्रायव्हर ठीक, तरी नेट शून्य. राउटर नव्हताच, केबलवाल्याची वायर थेट कॉम्प्युटरला. विचारलं, ‘काका, पूर्वी नेट सुरू करताना आधी काही दाबायला लागायचं का?’ काका म्हणाले, ‘हो ना, डेस्कटॉपवर ब्रॉडबँड म्हणून होतं, त्याच्यावर डबल क्लिक करायचं आणि कनेक्ट.’ ते चित्र म्हणजेच डायलर, आणि ते जुन्या विंडोजबरोबर गेलं.

याला पीपीपीओई म्हणतात. नुसती तार जोडून भागत नाही, यूजरनेम-पासवर्ड देऊन आधी दार उघडून घ्यावं लागतं. बीएसएनएलच्या फायबरपासून गल्लीतल्या केबलवाल्यापर्यंत अनेक जण हीच पद्धत वापरतात. फरक इतकाच की बहुतेक घरांत हे डायल करायचं काम राउटर करतो, म्हणून कॉम्प्युटर बदलला तरी काही बिघडत नाही. वायर थेट कॉम्प्युटरला असेल किंवा मोडेम ब्रिज मोडवर असेल, म्हणजे स्वतः डायल न करता लाइन नुसती पुढे सोडत असेल, तर डायलर कॉम्प्युटरमध्येच परत बनवावा लागतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, डायल-अप, मग नवं कनेक्शन, त्यात ‘ब्रॉडबँड’. मिंटमध्ये नेटवर्क कनेक्शन्स उघडून अधिकच्या चिन्हावर दाबा आणि यादीतलं डीएसएल/पीपीपीओई निवडा. यूजरनेम आणि पासवर्ड नेटवाल्याकडून मागून घ्या.

कनेक्ट करताना एरर आली तर तिचा आकडा लिहून घ्या. ६९१ म्हणजे यूजरनेम किंवा पासवर्ड चुकला, किंवा प्लॅन संपलाय. ६५१ म्हणजे मोडेमपाशीच काहीतरी अडलंय, पासवर्डचा प्रश्नच नाही. फोनवर ‘नेट चालत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘६९१ येतंय’ म्हटलं तर समोरचा माणूस पुढचा अर्धा तास वाचवतो.

काही केबलवाले तुमच्या लॅन कार्डाचा मॅक पत्ताही नोंदवून ठेवतात. हा पत्ता कार्डातच कोरलेला असतो, बारा आकडे-अक्षरांचा. सिस्टीम बदलल्याने तो सहसा बदलत नाही. पण जळालेल्या पोर्टऐवजी यूएसबीचा ॲडॉप्टर लावला, किंवा मदरबोर्ड बदलला, तर मॅक नवा होतो आणि तिकडून दार उघडत नाही. आयपीकॉन्फिगपुढे एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘ऑल’ लिहिलं की ‘फिजिकल ॲड्रेस’ म्हणून तो दिसतो. तो वाचून दाखवला की ते त्यांच्याकडे बदलून घेतात.

पिंगच्या तीन हाका

पत्ता आहे, डायलर लागतोय, तरी पान उघडत नाही? काळ्या खिडकीतून तीनदा पिंग मारा, म्हणजे ‘पिंग’ लिहून एक जागा सोडून पुढचा आकडा किंवा नाव लिहा. पहिली गेटवेला, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१. दुसरी ८.८.८.८ ला, हा गुगलचा डीएनएस आहे. तिसरी साइटच्या नावाला, उदाहरणार्थ गुगल डॉट कॉमला, कारण काही साइट पिंगला उत्तरच देत नाहीत. पहिलीला उत्तर नाही तर प्रश्न घरातच आहे. पहिलीला आहे, दुसरीला नाही, तर राउटरच्या पलीकडे. पहिल्या दोन्हींना आहे आणि नावालाच नाही, तर नावावरून आकडा शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे. डीएनएसमध्ये हाताने ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ भरा, लगेच फरक दिसेल.

टास्कबारवरच्या चिन्हापेक्षा या तीन उत्तरांवर जास्त विश्वास ठेवा. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची एक छोटी फाइल वाचायला जाते आणि ती मिळाली नाही की ‘नो इंटरनेट’ दाखवते. एखाद्या फिल्टरमुळे तीच एक फाइल अडली, तर नेट चालू असूनही चिन्ह बंद दाखवत राहतं. उलट पिंगला उत्तर येतंय आणि ब्राउझरच चालत नाही, तर नुकतंच टाकलेलं अँटिव्हायरस, व्हीपीएन किंवा प्रॉक्सी बंद करून बघा.

तिन्ही पिंग व्यवस्थित, आणि प्रत्येक साइट ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत असेल, तर कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या मशीनमधला नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपला असला की पॉवरची वायर काढताच तारीख कित्येक वर्षं मागे जाते. साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं ठरावीक तारखांमध्येच वैध असतात, त्यामुळे कॉम्प्युटरला ती सगळीच खोटी वाटतात. तारीख नीट करा आणि सेल बदला, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. विंडोज आणि लिनक्स शेजारी असतील तर वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकलेली दिसू शकते. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवते आणि लिनक्स जागतिक वेळ, त्याचा तो फरक आहे. त्याने सहसा नेट बंद पडत नाही.

आणि ज्यांचं फॉरमॅट अजून व्हायचंय त्यांनी आजच, जुनी विंडोज चालू असतानाच, काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिगचं ते ‘ऑल’वालं उत्तर आणून फोनने फोटो काढून ठेवा. इथरनेटच्या सेटिंगमध्ये पत्ता ऑटोमॅटिक आहे की हाताने भरलेला, त्याचाही एक फोटो. डेस्कटॉपवर किंवा नेटवर्कच्या यादीत ब्रॉडबँडचं चिन्ह असेल तर त्याचं यूजरनेम लिहून घ्या आणि पासवर्ड नेटवाल्याकडून मागून घ्या, कारण जुन्या डायलरमध्ये तो ठिपक्यांनीच दिसतो. लॅनचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. नवी सिस्टीम ज्या पेनड्राइव्हवर बनवायची त्यावर ठेवू नका, कारण ती बनवताना त्यावरचं सगळं पुसलं जातं.